पाकिटावर काय लिहायचं? (तृतीयपंथीयांची पत्रकं, मासिकं आणि आमचं एक चार पानी स्वप्न)

ग्रंथपाल_ड_वर्ग · सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय चालवतो. चालवतो म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास कुलूप काढतो, पेपर काठीला लावतो आणि अनुदानाची वाट बघतो.

आमच्याकडे एक वाचक येतात. पन्नाशीच्या आसपास. गाव त्यांना माई म्हणतं, मीही म्हणतो. वीस वर्षं अकोल्याला गुरूकडे होत्या, टाळेबंदीत परत आल्या. आता गावातच एक खोली आणि दोन शेळ्या. शिक्षण सातवी. पेपर पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचतात आणि घडी घालून ठेवतात, जे आमच्या अध्यक्षांनाही जमत नाही.

परवा म्हणाल्या, "भाऊ, आमच्या लोकायचं एखादं कागद काढता येईन का? चारच पानं. कोण कुठी हाय, कोणाले सर्टिफिकेट भेटलं, कोणाले हापिसातून वापस धाडलं, कोण वारलं." मी हो म्हणून बसलो.

आता विचारतो. असं काही आधी कोणी काढलंय का, इथे किंवा बाहेर? त्यात काय छापायचे? आणि खरा घोळ म्हणजे ते पोचवायचं कसं? माईंनी सतरा नावं सांगितली. त्यातले निम्मे घरच्यांसोबत राहतात, शर्ट-पँटमध्ये, कुणाचं लग्नही झालंय. त्यांच्या दारात 'तृतीयपंथी' असं छापलेलं पाकीट पडलं तर त्याच रात्री त्यांचा निकाल लागेल.

ठोकळा · सोमवार, रात्री ९:५०

चांगला विषय. रुमाल टाकून ठेवतो.

पऱ्हाटी · सोमवार, रात्री १०:०३

व्हाट्सप ग्रुप काढा न बापा. कागद कायले? आमच्या इकडं कापूस वेचाले माणूस भेटत नाई, तुमाले छापखान्यात कोण भेटन?

जुनी_रद्दी · सोमवार, रात्री ११:३१

ग्रंथपालभाऊ, आधी कोणी काढलंय का याचं उत्तर हो, आणि बरंच आधी. पण मी तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. रद्दी चाळण्यात हयात गेली, त्यावरून सांगतो, या मासिकांची गोष्ट ही अर्धी पाकिटांचीच गोष्ट आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत लुईझ लॉरेन्स नावाची ट्रान्स बाई होती, म्हणजे जन्मानं पुरुष ठरवलेली पण बाई म्हणून जगणारी. तिच्याकडे पत्त्यांची वही होती. कुठून कुठून लोक तिला चोरून पत्रं लिहायचे, ती उत्तरं द्यायची आणि पत्ता वहीत चढवायची. १९५२ मध्ये या वहीच्या जिवावर 'ट्रान्सव्हेस्टिया' नावाचं पत्रक निघालं, आपल्याकडच्या सायक्लोस्टाईलसारख्या यंत्रावर. दोन अंकांत आटोपलं. १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हर्जिनिया प्रिन्सनं तेच नाव परत उचललं. भांडवल किती, तर पंचवीस जणांनी दिलेले चार-चार डॉलर. एकूण शंभर. दर दोन महिन्यांनी अंक, आणि हे वीस वर्षांहून जास्त चाललं.

त्यात वाचकांनीच लिहिलेले आत्मकथनपर लेख, कथा, फोटो आणि पत्रं असत. एकमेकांशी ओळख करून घ्यायची तर खरं नाव, पत्ता काही नाही. प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक. तुम्ही पत्र संपादकाकडे पाठवायचं, तिथून ते पुढे त्या क्रमांकाच्या माणसाकडे. म्हणजे सगळ्यांचे पत्ते एकाच ठिकाणी, आणि ती वही ज्याच्याकडे त्याच्यावर डोळे मिटून भरवसा. तुमच्या बाबतीत ती वही तुमच्याकडे असणार आहे, हे आधीच लक्षात घ्या.

त्याच सुमारास प्रिन्सवर टपालातून अश्लील मजकूर पाठवल्याचा खटलाही झाला, तोही मासिकावरून नव्हे, एका खासगी पत्रावरून. तुरुंग टळला, पण काही वर्षं मान वर करायची सोय राहिली नाही.

आणि हे वाचून 'अमेरिकेतच असं' म्हणू नका. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ ला सुरू झालं आणि १९५३ साली ते गेले तेव्हाच थांबलं. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला कशावरून? वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यात समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न होते. हरले, दोनशे रुपये दंड झाला. दोन्हीकडे सरकारला टोचला तो पत्रव्यवहारच. लेखांकडे कोण बघतं!

शेगावकचोरी · मंगळवार, सकाळी ७:१५

शंभर डॉलरात वीस वर्षं! आमच्या मंडळाचा मांडवसुद्धा तेवढ्यात उभा राहत नाही.

सायक्लोस्टाईल · मंगळवार, सकाळी ८:४०

@जुनी_रद्दी, मस्त. प्रिन्सबद्दल एक गंमत राहिली. वाचकांची पहिली बैठक तिनं लॉस एंजेलिसला घेतली, १९६१ च्या सुमारास. अट अशी की प्रत्येकानं पिशवीत बायकांचे लांब मोजे आणि उंच टाचांचे बूट आणायचे, आणि ठरल्या क्षणी सगळ्यांनी एकदमच घालायचे. त्यात कुणी पोलिसांचा माणूस असला तर तोही मोजे घालून बसलेला! कोण कुणाची चुगली करणार?

पऱ्हाटी · मंगळवार, सकाळी ८:५५

हे आमच्या पंगतीसारखं झालं. सगळ्यायनं संगंच पयला घास. नाईतं कोणं आधी खाल्लं त्याचीच चर्चा वर्षभर.

तिसरी_ओळ · मंगळवार, दुपारी १:२०

मी स्वतः ट्रान्स स्त्री आहे, वर्धा जिल्ह्यातली, कुठल्या गुरूच्या घराण्यात नाही. माईंना नमस्कार सांगा.

प्रिन्सची गोष्ट सांगताय तर पुरती सांगा. तिच्या संघटनेत ज्यांना बायका आवडतात आणि जे फक्त कपड्यापुरते बाई होतात, अशाच पुरुषांना जागा होती. समलिंगींना दार बंद. शस्त्रक्रिया हवी असणाऱ्यांनाही बंद. म्हणजे लपून राहणाऱ्यांनी मासिक काढलं आणि पहिलं काम काय केलं, तर 'खरं कोण' याची यादी. आपल्याकडे हे होणार नाही असं समजू नका. निर्वाण (लिंगछेद) झालेल्या आणि न झालेल्या, घराण्यातल्या आणि बाहेरच्या, कोती (बायकी वळणाचे पुरुष) आणि हिजडा, यावरून आमच्यात जी धुसफूस चालते ती मी इथे लिहीत नाही. चार पानांत ती पाचवं पान होऊन येईल.

पऱ्हाटीभाऊंच्या व्हाट्सपबद्दल. माझ्या ओळखीत एक जण आहे, वय बावीस, घरात एकच मोबाईल, तो भावाच्या खिशात. दुसरीनं ग्रुपमध्ये साडीतला फोटो टाकला, तो चार दिवसांत तिच्या गावच्या दूध डेअरीवर पोचला. कागदाचा स्क्रीनशॉट निघत नाही.

वाघनख्या · मंगळवार, दुपारी २:०५

बडनेऱ्यापासून गाडीत टाळ्या वाजवून वाजवून डोकं उठवतात. आता त्यांना मासिकं काढून द्या. धन्य.

तिसरी_ओळ · मंगळवार, दुपारी २:३०

वाघनख्याभाऊ, तुम्हाला गाडीत ज्या भेटल्या त्यांना नोकरी द्यायला कोण तयार होतं ते विचारायला हवं होतं, तेवढ्यात मूर्तिजापूर येतं. माईंच्या पत्रकात वाचकांच्या तक्रारींचा कोपरा ठेवायला सांगते, पहिलं पत्र तुमचं.

धागा_राखणदार · मंगळवार, दुपारी २:४४

विषयाला धरून लिहावे. 'त्यांना' असं बोट दाखवणारे प्रतिसाद यापुढे उडवले जातील.

कोरडवाहू · मंगळवार, रात्री ९:१०

इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलो. पहिल्यांदा लिहितोय. पुसद तालुक्यातला ट्रान्स पुरुष. म्हणजे जन्मानं मुलगी. आमच्यासारखे असतात हेच पुष्कळांना माहीत नसतं. तृतीयपंथी म्हटलं की साडी आणि टाळीच डोळ्यांसमोर येते.

बारावीत असताना नागपूरला मावशीकडे गेलो होतो. तिथे एका मित्रानं मुंबईच्या एका इंग्रजी मासिकाची झेरॉक्स दिली, सात-आठ पानं. मासिक समलिंगी पुरुषांचं, माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तरी मी ती पानं आणली. कारण काय सांगू, एवढंच कळत होतं की कुठेतरी काहीतरी छापलं जातं. घरी आणून युरियाच्या रिकाम्या पोत्याच्या घडीत ठेवली, पोतं माळ्यावर. दिवाळीच्या साफसफाईत आईनं माळा काढला आणि रद्दीवाल्याला सगळं दिलं. मी शेतातून आलो तेव्हा माळा झाडून स्वच्छ.

पुढच्या बाजारच्या दिवशी बाबांनी भजी आणली. कागदात. कागदावर तेलाचा डाग पसरलेला आणि डागाखालून इंग्रजी अक्षरं. माझंच पान. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी कागदाला बोटं पुसली आणि बोळा चुलीत टाकला. मी भजं हातात धरून बसलो होतो. आई म्हणाली, खाऊन घे, थंड होते.

शेगावकचोरी · मंगळवार, रात्री ९:३०

कोरडवाहूभाऊ, स्वागत. भजीचा किस्सा जरा जास्तच जमलाय, पण आमच्या तालुक्याची रद्दी तालुक्यातच फिरते हे खरं आहे. मला माझ्याच लग्नपत्रिकेत चिवडा मिळाला होता.

कोरडवाहू · मंगळवार, रात्री ९:३६

पटलं नाही तरी चालेल. मी मात्र त्यानंतर पाच वर्षं भजी खाल्ली नाहीत.

जुनी_रद्दी · मंगळवार, रात्री १०:५०

@कोरडवाहू, तुमच्या 'माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं' या वाक्यावरून दोन माणसं आठवली.

एक, रुपर्ट राज. कॅनडातले, वडील भारतीय, आई पोलिश. ट्रान्स पुरुष. टोरांटोहून १९८२ ते १९८८ 'मेटामॉर्फसिस' नावाचं पत्रक काढलं, खास ट्रान्स पुरुषांकरता.

दुसरे लू सलिव्हन, सॅन फ्रान्सिस्को. यांना पुरुष आवडत, आणि हे त्यांनी डॉक्टरांपासून लपवलं नाही. स्त्रीचा पुरुष व्हायचंय आणि वर पुरुषच आवडतो हे तिथल्या डॉक्टरांच्या चौकटीत बसेना, म्हणून उपचार नाकारले गेले. या माणसानं ट्रान्स पुरुषांच्या बैठका सुरू केल्या आणि १९८७ मध्ये 'एफटीएम' (फीमेल टू मेल, म्हणजे स्त्रीचा पुरुष) नावाचं पत्रक. पुढे एड्सनं १९९१ मध्ये गेले, वय ३९. त्यांच्यामागे जेमिसन ग्रीन यांनी पत्रक चालू ठेवलं आणि ते अमेरिकेबाहेरही गेलं.

तेव्हा ग्रंथपालभाऊ, सतरा नावांत कोरडवाहूंसारखं एकही नसेल तर माईंना सांगा की शोधा. असणारच.

मनीप्लांट · मंगळवार, रात्री ११:२०

भारतातलं कुणीच लिहिलं नाही अजून? १९९० मध्ये मुंबईत अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं. मुख्यतः समलिंगी पुरुषांचं, इंग्रजी, थोडी हिंदी पानं. २००२ मध्ये बंद पडलं, २००९ मध्ये परत निघालं. कोरडवाहूंची झेरॉक्स त्याचीच असावी. निव्वळ ट्रान्स लोकांचं म्हणाल तर बंगालीत 'अबोमानब', १९९५. काढलं मानबी बंद्योपाध्याय यांनी, ज्या २०१५ मध्ये कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. नावाचा अर्थ माणसापेक्षा खालचा. लोक जे म्हणतात तेच मुखपृष्ठावर. तमिळमध्ये कल्की सुब्रमण्यम यांनी विद्यार्थी असताना 'सहोदरी' काढलं, म्हणजे बहीण.

म्हणजे बंगालीत निघालं, तमिळमध्ये निघालं. मराठीत आपण कविता आणि आत्मकथनं वाचतो, टाळ्या देतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो.

वकील_वहिनी · बुधवार, सकाळी १०:१५

कायद्याची बाजू थोडक्यात. १८६७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा आला, १ मार्च २०२४ पासून लागू. नियमित निघणारं आणि विकलं जाणारं काही काढाल तर नोंदणीच्या भानगडीत पडावं लागेल. आपल्याकडची असंख्य संस्थापत्रं 'केवळ खाजगी वितरणासाठी' अशी ओळ छापून निघतात. तुम्हीही तसंच करा. ठरावीक तारीख नको, किंमत नको. साठच्या दशकात मुंबईची तरुण कवीमंडळी असंच करत होती आणि त्याला अनियतकालिक म्हणत होती. माईंना हा शब्द आवडेल.

आणि पहिल्या अंकात सर्टिफिकेटची माहिती द्याच. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दाखला जिल्हाधिकारी देतात, २०२० पासून अर्ज ऑनलाइन होतो. आमच्या तालुक्यातल्या एका सेतू केंद्रात अर्जदाराला 'आधी डॉक्टरचा कागद आणा' म्हणून तीनदा परत पाठवलं. २०२० च्या नियमांप्रमाणे पहिल्या दाखल्याला वैद्यकीय तपासणीचा कागद लागत नव्हता; आज काय लागतं ते छापण्याआधी नक्की करून घ्या. एवढी एक ओळ ठळक टाइपात छापली तरी तुमचे छपाईचे पैसे वसूल.

सायक्लोस्टाईल · बुधवार, सकाळी ११:०२

दाखल्यावरून आठवलं. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पोलीस एक कागद द्यायचे, की अमुक व्यक्ती या कपड्यांत फिरते, तिला अडवू नये. मागे डॉक्टरी अहवाल लागायचा. तिथेच १९३० ते १९३२ मध्ये 'दास ड्रिट्टे गेश्लेष्ट', म्हणजे शब्दशः 'तिसरं लिंग', या नावाचं नियतकालिक निघालं. पाच अंक. पुढच्या वर्षी नाझी आले. मे १९३३ मध्ये लैंगिकतेचे अभ्यासक डॉ. हिर्शफेल्ड यांची संस्था लुटली, तिथली पुस्तकं चौकात आणून जाळली. पत्त्यांची वही कुणाच्या हातात पडते याची भीती तिथे नुसती भीती नव्हती.

रिद्धपूरकर · बुधवार, दुपारी ४:४८

लपवायचंच असेल तर आमच्या गावाकडून शिका. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत घालून शेकडो वर्षं बाहेरच्याला वाचू दिले नाहीत. विसाव्या शतकात अभ्यासकांना किल्ली मिळाली तेव्हा कुठे मराठीचं इतकं जुनं गद्य बाहेर आलं.

शेगावकचोरी · बुधवार, दुपारी ४:५५

म्हणजे पहिला अंक आत्ता काढायचा आणि समीक्षा सातशे वर्षांनी. आमच्या कवींची हरकत नसावी.

ग्रंथपाल_ड_वर्ग · बुधवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. धागा माईंना वाचून दाखवला, दोन बैठकांत. काही गोष्टी त्यांच्याच शब्दांत:

सांकेतिक लिपीवर: "आमची बोली हायेच. पण ते बोलाची असते, लेहाची नसते. लेहली का गेली."

मोज्यांच्या बैठकीवर खूप हसल्या. म्हणाल्या, अमेरिकेची असो का अकोल्याची, भेव सारखंच.

'अबोमानब' या नावावर गप्प झाल्या. थोड्या वेळानं, "थे बाई शिकेल होती म्हणून असं नाव ठेवू शकली. आपल्याले नाई परवडत."

कोरडवाहूंची भजी ऐकून चष्मा काढून पुसत बसल्या, आणि विचारलं की त्या पोराचा पत्ता मिळेल का. कोरडवाहू, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

बापू_टपाल · बुधवार, रात्री ९:४०

बुलडाणा जिल्ह्यात डाक खात्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. पाकिटाबद्दल मी बोललो नाही तर कोण बोलणार.

पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळतं, पण ते वाटेत सगळे वाचतात. मीही वाचायचो, खोटं कशाला बोलू. अंतर्देशीय अडीच रुपये, चिकटवता येतं, पण चार पानं मावत नाहीत. तुम्हाला पाच रुपयांचं पाकीटच लागेल. पाकीट पातळ नको. उन्हाकडे धरलं की आतलं दिसतं, आणि गावात पाकीट उन्हाकडे धरायला वेळ असलेले लोक पुष्कळ असतात.

पाठवणाऱ्याचं नाव कोरं ठेवू नका. कोरं पाकीट दिसलं की शंका येते. ज्या नावाची रोजची सवय आहे तेच नाव हवं.

एक सांगतो. १९९० च्या आसपास मी एका खेड्याच्या ऑफिसात होतो. तिथे एक मुलगा दर गुरुवारी सकाळी थैली फोडायच्या आधी येऊन उभा राहायचा. मी थैली उलटी करायचो, तो लांबूनच बघायचा. मुंबईचा शिक्का असलेलं खाकी पाकीट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यायचं. मी ते बाजूला सरकवायचो, तो उचलून शर्टाच्या आत घालायचा. पोस्टमनकडे जायचं काम नाही. आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. बदली झाली तेव्हा नवीन माणसाला चार्ज देताना मी एवढंच सांगितलं की गुरुवारी एक पोरगा येतो, त्याचं टपाल हातात दे. आज तुमचा धागा वाचून वाटतंय, ते काय असावं.

कोरडवाहू · बुधवार, रात्री १०:०५

बापू, नमस्कार करतो तुम्हाला.

पऱ्हाटी · बुधवार, रात्री १०:२०

मी माया व्हाट्सपचा शब्द वापस घेतो. बापू, उन्हाकडं पाकीट धरणारे आमच्याकडंही हायेत. त्यातला एक मी.

तिसरी_ओळ · गुरुवार, सकाळी ९:१२

मजकुराबद्दल कुणी बोलतच नाही. माझी यादी, म्हणजे यादी नव्हे, जे वाटतं ते. वारलेल्यांची नावं हवीतच, कारण आमच्यातली माणसं गेली की पुष्कळदा घरचे मुलाचं नाव घालून दशक्रिया करतात आणि ती बाई कुठेच लिहिली जात नाही. पत्रात जे नाव तिनं सांगितलं तेच छापा. सरकारी दवाखान्यात कुठल्या दिवशी कोण नीट बोलतं हेही छापा. २०१८ मध्ये नागपूरच्या लोकअदालतीच्या मंडळावर आमच्यातल्या विद्या कांबळे बसल्या, हे सतरापैकी किती जणींना माहीत आहे? माझ्या शेजारणीला माहीत नव्हतं.

गुरूंबद्दलच्या तक्रारी मात्र पहिल्या अंकात नको. त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय छापलं तर चेल्याला दंड बसेल आणि पत्रक दुसऱ्या अंकाआधी बंद.

टोरांटोला १९९३ ते ९५ मध्ये 'जेंडरट्रॅश' नावाचं पत्र निघत होतं. मिऱ्हा-सोलेल रॉस आणि झँथ्रा मॅके या दोघी काढायच्या, धंदा करणाऱ्या, तुरुंगातल्या, रस्त्यावरच्या ट्रान्स लोकांना धरून. गुळगुळीत कागद नाही, इस्त्रीची भाषा नाही. माईंचं कागद तसं असावं असं मला वाटतं. अक्षर मोठं ठेवा, एक वाचते आणि दहा ऐकतात.

मनीप्लांट · गुरुवार, सकाळी ९:४०

नाव काय ठेवताय? 'टाळी' कसं?

शेगावकचोरी · गुरुवार, सकाळी ९:४४

'टाळी' वाचून वाघनख्या परत येतील.

वकील_वहिनी · गुरुवार, सकाळी ९:५८

'टाळी' पाकिटावर नको. बापूंचं ऐका.

जुनी_रद्दी · गुरुवार, दुपारी १२:३०

आणि एक प्रत जपून ठेवा हो. ट्रान्स लोकांचे असे जुने कागद आज शोधून शोधून जमवावे लागतायत. कॅनडात व्हिक्टोरिया विद्यापीठात त्यांचा संग्रह आहे, २०१६ पासून अमेरिकेतून एक डिजिटल अर्काइव्ह चालतं, तिथे असली पत्रकं घरबसल्या बघायला मिळतात. तुमच्या 'ड' वर्गात दाखल नोंदवहीवर एक क्रमांक टाका, लेखापरीक्षणात दिसला तर दिसला.

ग्रंथपाल_ड_वर्ग · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, क्षमस्व. पहिला अंक निघाला.

तालुक्याच्या एका छापखान्यानं मजकूर वाचून 'मशीन बिघडलंय' सांगितलं, तेव्हा मी शाळेच्या झेरॉक्सवर काढला. चार पानं, मोठं अक्षर, चाळीस प्रती. वकील_वहिनींची ओळ ठळक आहे. वारलेल्यांची तीन नावं आहेत. कोरडवाहूंचं पत्र आहे, भजीसकट.

नाव माईंनी ठेवलं: 'ख्यालीखुशाली'. म्हणाल्या, "चिठ्ठीत लेहतच होतो ना आपण, ख्यालीखुशाली कळवावी." पाकिटावर कुणी वाचलं तरी कुणाला काय कळणार.

पाठवणाऱ्याच्या जागी वाचनालयाचा रबरी शिक्का मारला. वाचनालयाची पत्रं गावोगाव जातातच, पुस्तक परत करा म्हणून. अध्यक्षांना सांगितलंय. ते म्हणाले, मला सांगितलंच नाही असं समज. पत्त्यांची वही माईंकडेच ठेवलीय, शेळ्यांच्या खोलीत, कुठे ते मलाही सांगितलेलं नाही.

सतरापैकी तिघांची उत्तरं आली. एक पोस्टकार्डावर, त्यावर फक्त 'मिळाले. पुढचे केव्हा?'

आणि काल दुपारी बारा किलोमीटरवरच्या गावाहून एक बाई एसटीनं आल्या. साठीच्या. हातात आमचं पाकीट, न फोडलेलं. म्हणाल्या, "पोरानं तुमचं कोणतं पुस्तक नेलं काय म्हाईत, वापस केलं नसन. तो कामाले पुण्याले गेला. दंड किती झाला?" मी म्हटलं, काही नाही आजी. ऐकेनात. पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली.

मी दहा रुपयांची पावती फाडून दिली. पाकीट त्यांच्याच हातात परत दिलं, पोराला पाठवा म्हटलं. माई कोपऱ्यात पेपर वाचत होत्या, त्यांनी पान उलटलं नाही.

बापू_टपाल · रविवार, रात्री ९:५१

पुण्याचा पत्ता त्यांना लिहून दिलात का?

ग्रंथपाल_ड_वर्ग · रविवार, रात्री ९:५८

माईंनी लिहून दिला. पाच रुपयांचं पाकीटही त्यांनीच दिलं.